बाकी एक

संख्या काही मी सांगणार नाही.
तिच्यात यासीन चौगुलेचा जुलैचा पगार आहे.
आकार तेवढा सांगते.

पुढचं शून्य सोडून दिलं
(बँक ते मोजते, गणित मोजत नाही)
तर चोवीस अंक.
एकं, दहं, शतं करत उजवीकडून निघाले.
खर्व, निखर्व, महापद्म, शंकू,
पंधराव्या घरात जलधी.
मग अंत्य आणि त्यानंतर मध्य!
शाळेत आम्ही हे एका सुरात म्हणायचो,
शेवट मधल्याच्या आधी कसा, कुणी विचारलं नाही.
परार्धाला तोंडातले शब्द संपले.
डावीकडे अजून सहा घरं,
बिननावाची.

रात्रीचे साडेअकरा. उम्म अल कुवैन, औद्योगिक वसाहत,
पत्र्याचं ऑफिस, एसीखाली प्लास्टिकची बादली.
मागे खाडी आहे, तिवरं आहेत,
आत्ता नुसता त्यांचा वास.
दोनशे चौदा माणसांचे पगार गेले.
एक परत आला.
कारण : खाते क्रमांक अवैध.

यासीन बुरोंडीचा. वेल्डर.
नंबर त्यानं फोनवर सांगितला होता,
मागे ग्राइंडर चालू असताना.

नियम असा की देशाचं नाव पुढून उचलायचं
आणि शेपटीला लावायचं,
अक्षरांच्या जागी दहा आणि चौदा.
इतका सगळा देश, चार अंकांत बसतो.
मग सत्त्याण्णवनं भागायचं.
बाकी एक उरली पाहिजे.
शून्य नाही. दोन नाही.
एकच.

संगणकानं "चूक" एवढंच म्हटलं होतं.
मला ती चूक हातानं बघायची होती.
डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर पेन्सिलनं बसले.
आमचे पाढे तीसला संपलेले,
पण सत्त्याण्णवचा पाढा लागत नाही,
शंभराला भागलं की तीन उरतात, तेवढं पुरतं.
दोन-दोन अंक घ्यायचे,
मागच्या बाकीची तिप्पट करून
पुढच्या जोडीत मिळवायची.
बारा जोड्या.
तिप्पट, मिळव, वजा कर.
तिप्पट, मिळव.
बादलीत थेंब पडतच होता.

बाकी पंचेचाळीस.

(यासीनचं वय पंचेचाळीस नाही. उगाच जुळवू नका.)

संख्येनं सांगितलं, कुठेतरी खोट आहे.
कुठे, ते सांगितलं नाही.
तेवढी ती बोलत नाही.
त्याला म्हटलं, पासबुकाचा फोटो पाठव.
फोटोत अंगठा आलेला, नखाला काळं,
आणि अंगठ्याशेजारी आठवी जोडी :
त्रेसष्ट.
मी छत्तीस टाइप केले होते.
त्रेसष्ट-छत्तीस. बिचारे आकडे,
एकाच घरात पाठीला पाठ लावून.
फरक सत्तावीसचा,
पुढे चार वेळा तिप्पट होत गेला
आणि शेवटी माझ्या पुढ्यात येऊन बसला.

सत्त्याण्णव मूळ संख्या आहे, म्हणून हे जमतं.
शेजारच्या दोन वेगळ्या अंकांनी जागा बदलली
तर ती डोळेझाक करत नाही,
मग ते जलधीच्या घरात असोत
की त्या बिननावाच्या सहांत.

पुन्हा भागलं. बारावी जोडी.
अठ्ठ्याण्णवातून सत्त्याण्णव गेले.
बाकी एक.

मग हात थांबेना. फोरमनचा नंबर घेतला : एक.
स्वयंपाक्याचा : एक.
माझा स्वतःचा, जिथे महिनाअखेरीला
बाकी या शब्दाचा दुसरा अर्थ चालतो :
एक.
यात नशीब नाही, माहीत आहे.
शेवटचे दोन अंक कुणीतरी आधीच बेतून ठेवतं,
एक उरावा म्हणून.
तरी पेन्सिल ठेवताना
बरं वाटलं, ते वाटलंच.

यासीनला फोन करून सगळं सांगितलं,
तिप्पट, मूळ संख्या, दहा-चौदा.
तो ऐकत राहिला. मग म्हणाला,
"म्हणजे पैसे गेले ना?"

सकाळी जातील, म्हटलं.
आणि बादली रिकामी करायला उठले.