ठसका

पावणेएकला मागावरून धोटा उडाला
आणि पोलादी टोकाने
मल्लेशम बिंगीच्या उजव्या डोळ्यावर आला.
आता पहाट. कन्ना चौकाजवळचं ऑपरेशन थिएटर,
मे महिना, एसीसुद्धा धापा टाकतोय.
डोळ्यावर पत्र्याची वाटी घेऊन तो विचारतो,
"मॅडम, झोप लागेल ना नक्की?"

झोपेची चिंता नाही रे.
मला काळजी आहे ती झोपेच्या उंबऱ्याची.
दुखणं मारणारं औषध शिरेत गेलं
की काहींना खोकला येतो,
ना कफाचा, ना पडशाचा,
अर्ध्या मिनिटाचा, बिनकामाचा.
एरवी आम्ही तिकडे लक्षही देत नाही.
पण फुटलेल्या डोळ्याने खोकायचं नसतं.
आत जे उरलंय ते
एका ठसक्यात गालावर येतं.

मी पाहिलंय. तेरा वर्षं झाली.
अक्कलकोटची मुलगी, कात्री लागलेली. मी घाईत होते.
सर्जन काहीच बोलले नाहीत.
ते न बोलणं अजून माझ्या प्रत्येक सिरिंजमध्ये असतं,
औषधाच्या आधी.

"दग्गु?" माझं तेलुगू एवढंच.
"लेदु," म्हणतो, मग खरं सांगतो,
"मागावर सगळेच खोकतात, सूत उडतं ना.
विडी? विडी तर घरचीच."
विडीवाल्यांना हा ठसका म्हणे कमीच येतो.
हे काही मी त्याला सांगत नाही.

आधी लिग्नोकेन. मिनिटभर थांबायचं.
मग पातळ केलेलं फेंटानिल,
इतक्या हळू की ढकलतोय हे
अंगठ्यालाही कळू नये.
एवढ्या वेळात याचा धोटा
साठदा इकडून तिकडे जाऊन आला असता.

सिस्टर सुगंधा, सर्जन, मी,
तिघं एका कंठमण्याकडे बघत.
तो एकदा हलला.

आणि खोकला आला.
बाहेरून. बाकावरून.
त्याच्या बायकोचा, रोजच्या हजार विड्यांचा,
तंबाखूच्या धुळीचा, दाराची काच हलवणारा.
"ती आमची..." मल्लेशम म्हणाला, हसला बहुतेक,
आणि मी पांढरं औषध सोडलं.

न झालेल्या गोष्टींना तक्त्यावर रकाना नसतो.
समासात लिहिलं, खोकला नाही.
डोळ्याचं काय ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.
सुगंधाला म्हटलं,
बाहेर त्या बाईंना जरा पाणी दे.