एक काना

दवा आणि दावा यांत फरक एका कान्याचा.
शाळेत असा काना जास्त पडला
की वाकणकर बाई अर्धा गुण कापायच्या.
इथे, ओहायोतल्या झेन्सव्हिलमध्ये, त्याचे
महिन्याला चारशे अकरा डॉलर पडतात
आणि ते डेल्बर्ट हफमन भरतो.

तेहतीस वर्षं टाइल्सच्या कारखान्यात
मातीची पूड छातीत भरून घेतलेला माणूस.
कारखाना बंद. वय एकसष्ट.
सरकारी विमा पासष्टला.
मधल्या वर्षांतला श्वास
कुणाच्या खात्यावर घ्यायचा
हे कुठल्याच कायद्यात नीट लिहिलेलं नाही.
नियम तीनदा बदलले माझ्यादेखत,
दर वेळी भिंतीवर नवा तक्ता,
खुर्चीत डेल्बर्ट तोच.

जानेवारीत कंपनीने यादीतून त्याचा पंप काढला.
याच्यासारखाच दुसरा घ्या, असं पत्र.
दुसऱ्याने त्याची रात्र निघत नाही.
मग तो जुनाच पुरवून वापरू लागला,
एक दिवसाआड,
उपासासारखा.
मला बोलला नाही. बायको बोलली,
पार्किंगमध्ये, गाडीची काच अर्धी खाली करून.

म्हणून हा दावा.
सव्वाबारा. डबा उघडा. फोन खांद्यात.
बासरीसारखं काहीतरी वाजतंय, एकच ओळ,
मध्येच एक बाई सांगते, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे.
शेवटी पलीकडून एक डॉक्टर येतो,
सभ्य, दमलेला. मी विचारलं, तुम्ही कशातले?
म्हणाला, गुडघ्यांतला.
मग आम्ही दोघं फुप्फुसाविषयी बोललो
अकरा मिनिटं.
त्याच्याही पाठीशी कुणी घड्याळ धरून उभं असावं.

नामंजूर.

लोरेटाने फाइलवर तारीख टाकली. पुन्हा अर्ज.
रोग्यांना एक डॉक्टर, कागदांना दोन माणसं;
दवाखाना म्हणतात याला,
मी मनातल्या मनात एक काना देते.
लोरेटाचा विमा माझ्याकडे.
यंदा हप्ता वाढला तेव्हा
मीही खालचा प्लॅन घेतला:
पहिले सात हजार तिचे तिने भरायचे.
सही करताना तिने पेन दोनदा झटकलं.
शाई होती त्यात.

ऑक्टोबरात डेल्बर्ट आला.
फोनवर थांबून थांबून मी पॅडभर
तेच दोन शब्द गिरवले होते.
"हे काय?"
हे औषध, म्हटलं, आणि हे त्यासाठीचं भांडण.
दावा म्हणजे वैरही, आणि गाय बांधतात ते दावं
याच्याच शेजारी राहतं,
पण बाहेर सात जण बसले होते.
टाइलची कड तपासावी तशी
त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं.
"इथे एक काठी जास्त आहे."
हो.
"ती लागते?"

बावीस वर्षं मी इथे डॉक्टरकी करते.
इतकं साधं कुणी विचारलं नव्हतं.
कपाटातून नमुन्याचे दोन पंप काढले
आणि त्याच्या कोटाच्या खिशात सारले,
चोरल्यासारखे.

मंजुरी आली एकोणीस डिसेंबरला.
लोरेटा ओरडली, मी नाडी सोडून धावले,
पेढ्यांच्या जागी खोकल्याच्या गोळ्या वाटल्या.
मग तिने तळाची बारीक ओळ वाचली:
मुदत एकतीस डिसेंबरपर्यंत.
बारा दिवस.
आमच्यात बारा दिवस कशाचे मोजतात
ते मी तिला सांगितलं नाही.

दोन जानेवारी. मस्किंगम नदीला कडेकडेने बर्फ.
फोन खांद्यात. बासरी तीच.
कॅलेंडरच्या मागे लोरेटाने पेन्सिलीने
डेल्बर्टची वजाबाकी करून ठेवली आहे:
पासष्टला तीन वर्षं, दोन महिने.
खाली आणखी एक आकडा, फिकट, नाव न घातलेला.
अकरा वर्षं.
पलीकडे ती लिफाफे चिकटवते आहे
आणि मधूनमधून
तोंड फिरवून खोकते.