तिसरा खर्डा

लसी आल्या.
कर्कवॉलहून, गुरुवारच्या बोटीने, निळ्या पेटीत,
मेंढ्यांच्या जंतांच्या औषधाशेजारी बसून आल्या.
थोराने धक्क्यावरच काटा पाहिला: चार अंश.
मग दवाखान्यापर्यंत पेटी मांडीवर घेऊन बसली,
एखादं तान्हं घरी आणावं तशी.

पासष्टच्या पुढचे सगळे, दमेकरी, गरोदर बायका,
आणि "मला कधी काही होत नाही" म्हणणारे, तेसुद्धा:
सोमवारपासून, नऊ ते बारा.
बाही वर जाईल असं काहीतरी घाला.
गेल्या वर्षी विल्फी रेंडलचे चार स्वेटर उतरवण्यात
अर्धी सकाळ गेली,
आणि चौथ्याखाली पाचवा निघाला, बायकोने विणलेला,
तो काही काढू देईना.
शेवटी गळ्याकडून ताणत ताणत
टीचभर दंड मोकळा केला आम्ही.
म्हणून सांगते, स्वेटर काढून या.
दुखणं मात्र अंगावर काढू नका.

शाळेतल्या बारा मुलांना सुई नाही, नाकात फवारा.
ड्रेव्हरांचा मॅन्सी फवारा शिंकून टाकतो,
त्याचं वेगळं बघू.
नागिणीची लस विचारून घ्या.
ती एकदा कमरेला वेढा घालून बसली
की महिनाभर कूस बदलू देत नाही.
रक्त द्यायचं असेल तर दहाच्या आत.
नमुने साडेदहाच्या विमानाने जातात;
वैमानिक थांबेल एखादे वेळी, वारा थांबत नाही.
कान मंगळवारी.
फोन साडेआठला सुरू होतो.
आठला वाजला तर मी उचलते,
पण तुम्ही तसं धरून चालू नका.

या वर्षी लसीकरण दोन आठवडे आधी.

एवढंच लिहायचं.
कारण पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, थोराने खोडलं.
दुसऱ्यात पुन्हा लिहिलं, मीच खोडलं.

गेल्या नोव्हेंबरात नऊ दिवस बोट लागली नाही.
पायऱ्यांवरून लाटा थेट रस्त्यात.
फ्रीजमध्ये एक डोस उरला होता
आणि बेला मोवॅट खिडकीजवळच्या खुर्चीत, बाही वर करून.
तेवढ्यात शाळेतली नवी बाई आली, सातव्या महिन्याची,
ओला कोट हातावर धरून दारातच उभी.
बेलाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
बाही खाली केली.
मनगटाचं बटण लावायला तिला वेळ लागला, बोटं सुजलेली.
"मला पुढच्या बोटीची दे," म्हणाली.

मी "बरं" म्हणाले.
किती पटकन म्हणाले ते मला अजून ऐकू येतं.

पुढच्या बोटीने लस आली, तिला टोचलीही.
पण लस अंगी लागायला दोन आठवडे लागतात
आणि बेलाला दहाव्या दिवशी ताप चढला.
कदाचित तो तसाही चढला असता.
असं मी तिच्या भावाला सांगितलं.
मला सांगायला कुणी डॉक्टर नाही या बेटावर.

बाईंचं बाळ आता नऊ महिन्यांचं.
वजन सूचनेत लिहायची पद्धत नाही.
नऊ किलो दोनशे.

दार पावसाने फुगलंय, खांद्याने ढकला.
ट्रॅक्टर पायरीशी लावू नका,
रुग्णवाहिका एकच आहे आणि ती लांबोडकी आहे.
वेळ ठरवून आलात तर उत्तम, न ठरवता आलात तरी या.
खिडकीजवळची खुर्ची सगळे सोडून बसतात.
ती मोडलेली नाही.

डॉ. इंगा फोबिस्टर

थोरा, टाइप करताना मधलं सगळं गाळ.
तारखा राहू दे.
खुर्चीचंही राहू दे.