विषम ओळी आधी

मुबीनने कुवेतहून पाठवलेला टीव्ही
खोक्यावर 'एक हजार ऐंशी' मिरवत आला.
बाणकोटला फेरीबोटीतून उतरवताना
चौघांनी धरला होता. वजन एकाचंही नव्हतं.

मी भिंतीत खिळे मारले, मागचं लेबल वाचलं
आणि खैरुन्निसाचाचींना सांगून टाकलं:
हा एक हजार ऐंशी ऐकून घेतो,
दाखवतो सातशे अडुसष्ट.
त्या म्हणाल्या, आमच्या जावयासारखा.

ठिपके काचेत जन्मापासून बसवलेले असतात, चाची.
ही पडवीची भिंत बघा, चिऱ्याचे अकरा थर.
कुणी चौदा थरांचा नकाशा घेऊन आला
तरी भिंत अकराच थरांची राहणार,
गवंड्याने काय ते तासावं, ताणावं, लिंपावं.
मापाचं चित्र आलं तर चिऱ्यावर चिरा बसतो.
नाही आलं तर सांध्यात चुना दिसतो.

त्या ऐकत होत्या की नाही, कोण जाणे.
कपाटातून त्यांनी एक कॅसेट काढली,
कापराचा वास, वर उर्दूत दोन शब्द.
दाऊद तांडेल, ब्याण्णव साल,
नवी होडी पाण्यात लोटण्याचा दिवस.

मंडणगडला नेऊन ती पेनड्राइव्हवर उतरवली.

त्या वेळी चित्र एका दमात येत नसे.
आधी विषम ओळी, पहिली, तिसरी, पाचवी,
तळाला पोचून पुन्हा वरून सुरुवात, मग सम.
जाळं विणणाऱ्याने एकाआड एक फेरी सोडावी
आणि सोडलेली परत येऊन भरावी, तसं.
मधे सेकंदाचा पन्नासावा भाग.
धक्क्याला त्याचं काही नाही, माडांना नाही,
नांगरलेल्या होडीला नाही.
हलणाऱ्याला आहे.

नवा टीव्ही सगळ्या ओळी एकदम पेटवतो,
पाळीपाळीने उजळणं त्याला ठाऊक नाही.
थांबव, चाची म्हणाल्या. मी थांबवलं.

सुकाणूवर हात
      कपाळाशी हात
तोंड खाडीकडे
      तोंड आमच्याकडे
काहीतरी म्हणायचं आहे
      म्हणून झालं

बाहीच्या कडेला फणीचे दाते.
अर्धा दाऊद आधीचा, अर्धा नंतरचा,
दोघे एकाच सदऱ्यात.
चाची जवळ गेल्या, काचेला बोट लावलं,
म्हणाल्या, फाटलाय.

रात्री संगणकावर बसून मी तो शिवला.
म्हणजे मशीनने शिवला: सम ओळी फेकून दिल्या,
त्या जागी वरच्या-खालच्या विषम ओळींवरून
अंदाजाने नव्या घातल्या.
सकाळी बाही अख्खी होती. हात एकच.
पण भुवईवरची गळाची खूण
अंदाजात कुठेतरी बुजली होती.

हा त्यांचा धाकटा भाऊ वाटतो, चाची म्हणाल्या,
आणि चहा ठेवायला आत गेल्या.

माझ्या दुकानाच्या माळ्यावर
एकवीस इंची जुना डबा पडून होता,
पोटफुगा, मागे वीतभर धूळ.
तो खरोखर चौघांना लागला.
व्हीसीआरचं हेड स्पिरिटने पुसलं,
पिवळी वायर पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात.

काच जराशी गरम झाली, केस उभे राहिले,
कडा थरथरत होत्या, रंग लालीकडे गेलेले,
आणि त्या डब्यात, जिथे ओळी पाळीपाळीने उजळतात,
हात सुकाणूवरून निघून कपाळापर्यंत गेला.
वाटेत कुठे फाटला नाही.
गळाची खूण जागेवर.

मी सवयीने रिमोट उचलला.
राहू दे, चाची म्हणाल्या,
चालू दे त्यांना.

बिल नव्याच्या फिटिंगचं केलं.
जुन्याचं काय लावावं ते सुचलं नाही.
मुबीनचा फोन आला, चित्र कसं आहे विचारत होता.
मी म्हटलं, क्रिकेटला उत्तम.