दोन सूत

बाथरूमच्या उंबऱ्याशी बाबांचे पाय
फरशीला चिकटतात.
अंग पुढे झुकलेलं, पाय मागेच,
मेन स्विच बंद केल्यावरही
चक फिरत राहावा तसं.

चेंदणीची फिजिओ, तन्वी नाखवा, म्हणाली,
ओढू नका, ढकलू नका,
'चला चला' तर मुळीच नको.
जमिनीवर आडव्या पट्ट्या लावा.
ओलांडायला काही दिसलं
की पाय आपणहून उचलतो.

मग किसननगरच्या हार्डवेअरवाल्याकडून
पिवळ्या टेपचं रीळ आणलं.
रविवारी दुपारी ते झोपलेले असताना
पलंगापासून बाथरूमपर्यंत
गुडघ्यांवर रांगत चौदा पट्ट्या लावल्या.
टेप दाताने तोडली, अंदाजाने चिकटवली.
अंदाज माझा बरा आहे:
मीठ, भाताचं पाणी, रिक्षाचं भाडं,
कुठल्या दिवशी त्यांना किती राग येईल.

चारला उठले.
पहिल्या पट्टीपाशी उभेच.
मला वाटलं, पाय अडला.
अडला होता डोळा.
"ह्यां कोणी केल्यान?"
मी.
"तिसरी नि चौथी. दोन सूत जास्ती."

बत्तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये लेथवर.
केसाच्या जाडीचीही चूक दिसली
तर जॉब बाजूला टाकणारा हात
आता शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी
अर्धी सकाळ घालवतो.
मी लावून देते म्हटलं की
तोंड भिंतीकडे.
मग मी आत जाऊन उगाच भांडी वाजवते
बटण लागेपर्यंत.
हे तन्वीने शिकवलेलं नाही.

सहा, दहा, दोन, सहा.
माझ्या फोनचा गजर त्यांचा भोंगा आहे.
"धाचो भोंगो झालो," म्हणत हात पुढे करतात.
अर्धी गोळी अर्धीच हवी.
मी सुरीने केलेली वाटणी नामंजूर:
थरथरत्या तळव्यावर दोन्ही तुकडे शेजारी मांडून
मला फरक दाखवतात,
आणि तो असतो.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
यंत्राने अंगठा तीनदा नाकारला.
रेषा बिडाच्या किसाने कधीच्याच खाल्लेल्या.
"आजोबा, हलवू नका," खिडकीतला मुलगा म्हणाला.
"हलतंय म्हणजे जिवंतच आसंय मा?"
रांग हसली.
मी घरी येऊन, चहा ठेवताना, एकटीच.

तर त्या रविवारी
पलंगाखालची लाकडी पेटी निघाली,
स्टीलची पट्टी, गुण्या, पिवळा पडलेला खडू.
लहानपणी मला गेटच्या आत कधी नेलं नव्हतं,
वेणी अडकते म्हणून.
सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांची हेल्पर झाले.
ते स्टुलावर, चष्मा नाकाच्या टोकाला,
मी जमिनीवर.
"थांब. आधी जॉब मोजूचो, मगे मार्किंग."
जॉब कुठला, मी विचारलं.
ते भिंत धरून उठले
आणि एक पाऊल टाकलं.

सोळा इंच. मग साडेचौदा. मग पंधरा, दोन सूत कमी.
एकही माप दुसऱ्यासारखं आलं नाही.
शॉपमध्ये अशा मशीनवर
त्यांनी लाल कागद लावला असता.
मी पट्टी धरून खालीच बसून राहिले,
वर बघितलं नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"सगळ्यात लहान आसा, ता धर."

मग "डावीकडे. वायच आणखी. अर्धो सूत. बस."
अंधार पडेपर्यंत.
चौदाच्या सतरा पट्ट्या झाल्या,
जेवण राहून गेलं,
आठला वडापाव आणून खाल्ला.

आता रात्री तीनच्या सुमारास
भिंतीपलीकडे पलंग करकरतो.
मी डोळे मिटून मोजते.
सहा. सात. आठ.
अकरावर थांबतात.
माझा एक पाय खाली, चप्पल चाचपडत.
ओढू नका, ढकलू नका.
पंखा फिरतोय.
खाली वॉचमनने काठी आपटली.
बारा.

सतरा. फ्लशचा आवाज.
आणि परतताना
दिवा नेहमीसारखा चालूच.