मान आडवी हलली की

काल रात्रीच दही फडक्यात बांधून नळाला टांगलं.
रात्रभर बेसिनमध्ये टप्, टप्.
बोगोमिल अंधारात म्हणाला, पाऊस लागलाय का गं?
म्हटलं, झोप. तुझा नाश्ता निथळतोय.

व्यायाम करून घ्यायला येतो तो कालिन
कागदावर लिहून गेलाय: रोज सत्तर ग्रॅम प्रथिनं.
खाली दोन रेघा,
जणू आमच्याकडे कुणाचे पैसे थकलेत.
मांस चावत नाही. अंड्याचा वास नको.
पावडरीचा डबा आणला एकदा,
तर चाखून म्हणाला,
ही भिंतीला लाव.

म्हणून जिलेटिन.
दहा ग्रॅमची पुडी गार पाण्यात घालायची
आणि दहा मिनिटं हात मागे बांधून उभं राहायचं.
ओल्या वाळूसारखी फुगते.
मग मंद आच, नुसती विरघळेपर्यंत;
उकळी फुटली की तिच्यातला जीव गेला.

आई डिसेंबरात डुकराचे पाय उकळायची,
पहाटेपासून, लसूण ठेचून,
खिडक्यांतून डोंगर दिसेनासा व्हायचा.
सकाळी ओसरीवर ताटल्या अशा थिजलेल्या
की सुरी खोचली तर उभी राहावी.
ही पुडी म्हणजे तेच की.
हाडं, कातडं, सांधे:
ज्यांनी एक जनावर जन्मभर उभं धरलं
ते आता बिनवासाचं, चमच्यात मावणारं.
गाईचे सांधे, गाईचंच दही.
घरातल्या घरात.

पहिल्या वेळी फसलं.
त्स्वेतानानं तिच्या वेलाची किवी दिली होती,
मी हौसेनं कापून घातली.
तीन तास. पाच तास. दुसरा दिवस उजाडला
तरी फ्रीजमध्ये सूपच.
फोनवर ती म्हणते, अगं, कच्ची किवी जिलेटिनला खाऊन टाकते,
आधी शिजवायची असते!
आता सांगतेस?
पेल्यात ओतून प्यायलो दोघं,
त्याच्या मिशीला हिरव्या बिया.

यंदा रास्पबेरी. आणि शहाणपण:
दह्यात जिलेटिन ओतायचं नाही एकदम, तार धरते.
आधी दोन चमचे दही जिलेटिनमध्ये,
ओळख होऊ द्यायची,
मग सगळं एका पातेल्यात.
मध, लिंबाची साल किसून.

एकशे सत्तर किलो उचलले होते यानं डोक्यावर,
स्लिव्हेनच्या हॉलमध्ये, एकोणऐंशी साली.
मी तिसऱ्या रांगेत.
पंचांचे तिन्ही दिवे पांढरे लागेपर्यंत
श्वास माझा अडकला होता, त्याचा नाही.
त्या मांड्यांवर आता पायजमा
वाळत घातल्यासारखा लोंबतो.

सकाळी वाटी बशीत उपडी केली.
फत्.
गुलाबी, ओलसर, थरथरतं.
त्याच्या हातात चमचा, तोही थरथरता.
थोडा वेळ दोघं
एकमेकांसमोर हलत राहिले.

आमच्याकडे मान आडवी हलली की हो,
उभी हलली की नाही.
परक्या माणसाचा पहिल्या दिवशी गोंधळ होतो.
फेब्रुवारीतल्या त्या झटक्यानंतर
याची मान आपली आपणच आडवी हलते,
त्यामुळे मला सगळ्यालाच होकार आहे.
मोटार विकू? हो.
तुझ्या बहिणीला ईस्टरला बोलावू? हो.
तीस वर्षं ज्या वहिनीशी भांडला, तिलाही हो.
कधी कधी मुद्दाम विचारते.
सवयच लागली आहे जिंकायची.

आज विचारलं, जमलंय?
मान हलत होती.
ही ती की ही तू?

त्यानं चमचा खाली ठेवला.
डाव्या हातानं हनुवटी धरली,
घट्ट, बार पकडावा तशी.
मान थांबली.
मग हात न सोडता
त्यानं ती स्वतः हलवली,
डावीकडे, उजवीकडे,
एकदाच.

आणि म्हणाला,
मध कमी आहे.