मापाची वही

माझ्या नाकावर राग आहे
असं खेतवाडीतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाटतं.
ब्लाउज परत उसवून हवा असला
की आधी माझ्या नाकाकडे बघतात,
मग म्हणतात, जाऊ दे, चालेल तसाच.

राग नाही.
इस्त्री तापली की गालही तापतात.
सावळ्या कातडीत लाल नीट दिसत नाही,
सारवलेल्या चुलीसारखं, वरून मातकट, आत धग.
नणंद म्हणाली, या वयात पुटकुळ्या?
कोपऱ्यावरच्या केमिस्टने ट्यूब दिली,
आठवडाभर मी नवरीसारखी दिसले
आणि नऊ वर्षं तीच लावत राहिले.

डोळ्यांचं खातं वेगळं.
सारखी रांजणवाडी, सारखी उगाळलेली लवंग.
पापणीखाली चौपाटीची वाळू अडकल्यासारखी.
दोरा ओवायला शेजारचा यतीन,
एका सुईला एक गोळी.
चष्म्याचा नंबर तीनदा बदलला,
वाळू तिथेच.

परळला साडेतीन तास बाकावर.
डॉक्टर मुकादम, कोवळी पोर,
तिने गाल बघितले आणि विचारलं,
डोळे चुरचुरतात का?

मी गप्पच.
एकाच कापडाचे दोन तुकडे
दोन पिशव्यांत घेऊन
इतकी वर्षं हिंडत होते मी.

रोझेशिया, ती म्हणाली.
मला वाटलं वसईच्या कुणा मावशीला हाक मारतेय,
मागे वळून पाहिलंसुद्धा.

ट्यूब बंद करायला लावली.
मग दीड महिना चेहरा असा पेटला
की दुकानाचं शटर मी अर्धंच उचलायचे.
जात नाही म्हणे हा.
सांभाळला तर नीट राहतो.

आता मापाच्या वहीत
मागच्या पानापासून लिहिते:
कोलंबीचं कालवण. लाल.
दुपारी दोन, छत्री विसरले. लाल.
सलग सहा ब्लाउजांना इस्त्री. लाल.
ताक. काही नाही.
थोरल्या दिरांचा फोन. फार लाल.

रात्री मलमलीचा तुकडा गरम पाण्यात पिळून
मिटल्या पापण्यांवर ठेवते.
दहा मिनिटं
कुणाचंच माप घ्यायचं नसतं.

काल साखळकरबाई आल्या,
काखेत काचतो गं, म्हणाल्या,
आणि माझं नाक बघून लगेच, असू दे, असू दे.
मी सांगणार होते त्यांना,
राग नाही हो, कातडी आहे,
पण टेप लावून बघितलं
तर अर्धा इंच माझाच चुकलेला.

वहीत पुढून लिहिलं: साखळकर, काख, अर्धा इंच.
मागून लिहिलं: लाल.
इस्त्री बंद होती.